बडोद्याहून कॅरॅव्हॅनने कोकण किनारा: मुक्काम कुणाच्या तरी अंगणात करा

सुरसागरकाठी:
गणपतीत दांडिया बाजारात जो भेटला त्याने हेच विचारलं, की तुम्ही दोघं गाडीत झोपता म्हणजे रात्री गाडी लावता तरी कुठे. म्हणून एकदा सगळं नीट लिहूनच काढते, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही दोघंही पन्नाशीच्या पुढचे, दोघांनाही गाडी चालवता येते. गाडी म्हणजे फोर्स ट्रॅव्हलर, आखूड व्हीलबेसवाली, आतून घर केलेली. मागे आडवा बेड, एका बाजूला ओटा आणि इंडक्शन, छोटा फ्रीज, दाराशी कॅसेट टॉयलेट. लांबी सहा मीटरच्या आसपास, उंची छतावरचा एसी धरून नऊ फुटांच्या वर. कोकणात सगळं गाडं या दोन आकड्यांवर अडतं. थंडीत निघालो, पहिला मुक्काम बोर्डीला, मग अलिबाग-रेवदंड्यापासून सागरी रस्ता धरून मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हर्णै, गुहागर, गणपतीपुळे, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत रेडी, पुढे गोवा, आणि मग कारवार-गोकर्ण करून थेट मरवंतेपर्यंत.

आता मुद्द्याचं. कॅरॅव्हॅन म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर एकच चित्र येतं, वाळूवर गाडी, दार उघडलं की समोर लाटा. कोकणात ते करायला जाऊ नका. रात्रभर खारा वारा थेट गाडीच्या पत्र्यावर, खाली भुसभुशीत वाळू, पाणी नाही, वीज नाही, भरती कुठवर येईल ते माहीत नाही, आणि मुख्य म्हणजे ते गाव कुणाचं तरी आहे. आम्ही पहिल्यापासून एक ठरवलं होतं की चारच्या आत गावात शिरायचं आणि ज्यांच्याकडे खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, किंवा वाडी आहे अशा घरी जाऊन सरळ विचारायचं, गाडी लावू का, पैसे देऊ, पाणी आणि एक प्लग हवाय, सकाळी बाथरूम हवंय. बहुतेक ठिकाणी हो म्हणाले. पाचशे ते आठशे रुपये दिले, जेवण वेगळं. जिथे घरगुती खानावळ चालते तिथे जेवायला आमच्याकडेच बसा एवढीच अट असायची, आणि ती अट कोण मोडेल!

गुहागरला आमचं कुलदैवत, व्याडेश्वर. तिथे देवळापासून थोडं आत एका आजींच्या खळ्यात पूर्ण अंगणभर सुपारी वाळत घातलेली होती, सोललेली नव्हे, अख्खी, पिवळ्या-केशरी रंगाची. मी म्हटलं राहू द्या, आम्ही दुसरीकडे बघतो. तर त्यांनी सुनेला हाक मारली, दोघींनी लाकडी दाताळ्याने अर्धी सुपारी एका बाजूला ओढली, गाडीच्या रुंदीएवढी पट्टी मोकळी केली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, रिव्हर्स घे, पण त्या पोफळीला टेकवू नकोस, ती माझ्या सासऱ्यांनी लावलेय. रात्री आम्ही त्यांच्या पडवीत बसून जेवलो, सोलकढी, कुळथाचं पिठलं, भात, आणि आम्ही नेलेला लिलो चेवडो, म्हणजे बडोद्याचा ओलसर चिवडा, त्यांना इतका आवडला की सकाळी निघताना उरलेलं पाकीट मी तिथेच ठेवलं.

दुसरं, अंतर. बडोद्याच्या माणसाला भरूचपर्यंत एक्सप्रेसवे आणि पुढे अठ्ठेचाळीस नंबरचा हायवे इतका अंगवळणी पडलाय की शंभर किलोमीटर म्हणजे दीड तास असं धरून चालतो. सागरी रस्त्यावर शंभर किलोमीटर म्हणजे अख्खा दिवस. एकेरी रस्ता, दोन्हीकडे जांभ्याचे गडगे, समोरून एसटी आली की कुणीतरी मागे जायचं, मध्येच खाडी, मध्येच चढ. त्यामुळे आम्ही दिवसाला साठ ते नव्वदच ठरवायचो आणि तेच बरोबर होतं.

तिसरं, फेरीबोट. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, या चार जंगल जेटींनी, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटींनी, आमचा प्रवास शक्य झाला. दाभोळची नसती तर खाडीला वळसा घालून खेड-चिपळूणवरून यावं लागलं असतं. बसेस आणि टेम्पो जातात तेव्हा आपली गाडीही जाते. पण ओहोटी पूर्ण असली की धक्क्याचा उतार जास्त उघडा पडतो आणि लांब गाडीचा मागचा भाग घासतो, म्हणून आम्ही भरतीच्या आसपासची फेरी धरायचो. दाभोळला तिकिटावाल्या दादांनीच सांगितलं, तासभर थांबा, पाणी चढू दे. थांबलो, चहा प्यायलो, आरामात गेलो.

बाकी विचारा, सांगते.

मांजलपूरकर:
ताई, झकास लिहिलंय. पण एक मनापासून विचारतो, वाईट वाटून घेऊ नका. रोज कुणाच्या तरी दारात जाऊन जागा मागायची, जेवण त्यांच्याकडेच, बाथरूम त्यांचं, मग कॅरॅव्हॅन कशाला? साधी गाडी घ्या, त्याच माणसांच्या खोलीत झोपा, दोन हजारात एसी रूम मिळते, गडग्यात अडकायची भीती नाही. आम्ही दरवर्षी दिवेआगरला असंच जातो.

सुरसागरकाठी:
दादा, वाईट कशाला वाटेल, घरात हीच चर्चा दोन वर्षं चालली होती. माझं उत्तर स्पष्ट आहे. मला गुडघ्यांचा त्रास आहे, भारतीय पद्धतीच्या संडासात बसता येत नाही, आणि रस्त्यात कुठेही, अगदी आडगावातसुद्धा, हवं तेव्हा स्वच्छ टॉयलेट हाताशी असणं ही माझ्या वयाच्या बाईसाठी केवढी मोकळीक आहे हे बायकांना विचारा. इतकी वर्षं प्रवासात मी पाणीच कमी प्यायचे. दुसरं, नवऱ्याला डायबेटीस, त्याचं खाणं वेळेवर लागतं, इन्सुलिन फ्रीजमध्ये लागतं. ठेपले, भाकरी, ताक, सगळं गाडीतच, घाट चढताना भूक लागली तर बाजूला थांबून पाच मिनिटांत ताट तयार. आणि रोज बॅग उघडा, बंद करा, चादरी कशा असतील ते बघा, हे काहीच नाही. अंगण लोकांचं पण अंथरूण आपलं, मला हे जमतं.

पण तुमचंही बरोबर आहे, एकाच गावात चार दिवस राहायचं असेल तर कॅरॅव्हॅनची काही गरज नाही.

वाडी_इलेक्ट्रिक:
मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, दोन-तीन कॅम्पर बनवल्यात म्हणून लिहितो. लोक पहिला प्रश्न विचारतात एसी रात्रभर चालेल का. नाही चालणार. बारा व्होल्टची दोनशे अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे १२.८ गुणिले २००, अडीच युनिट वीज, बस. छतावरचा एसी तासाला एक युनिटच्या वर खातो, इन्व्हर्टरचा लॉस वेगळा, म्हणजे दोन तासात खेळ खल्लास. फ्रीज दिवसभरात साधारण अर्धं युनिट, इंडक्शन अर्धा तास म्हणजे पाऊण युनिट. छतावर ४०० वॉटचं सोलर असेल तर मोकळ्या उन्हात दिवसाला दीड-पावणेदोन युनिट येतं, पण कोकणात गाडी कुठे उभी राहणार, माडाखाली, आणि पॅनेलवर एका झावळीची सावली पडली तरी उत्पादन धाडकन पडतं. त्यामुळे अल्टरनेटरवरून चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जर हवाच, तीन तास गाडी चालली की एक-सव्वा युनिट भरून निघतं.

आणि ताई म्हणतात तसं कुणाच्या घरून वीज घेणार असाल तर आधी सॉकेट टेस्टर लावून अर्थिंग बघा. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं पण तिसरीला वायरच नसते. गाडीची बॉडी पत्र्याची, आपण अनवाणी, खाली ओली जमीन. गाडीच्या इनलेटलाच ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवा, यात कंजुषी नको. एक्स्टेंशन वायर जाडी घ्या, आणि एसी लावणार असाल तर घरमालकाला आधी सांगा, व्होल्टेज पडून त्यांच्या पंपाला त्रास होऊ शकतो.

सुरसागरकाठी:
हे सोन्यासारखं लिहिलंत. आम्ही एसी फक्त बोर्डीला आणि मरवंतेला लावला, बाकी रात्री जाळीच्या खिडक्या उघड्या आणि छोटा पंखा. डिसेंबर-जानेवारीत पुरतं. मार्चनंतर मात्र दमटपणा सोसत नाही, आणि जूनमध्ये तर हा रस्ता कॅरॅव्हॅनचा नव्हेच.

दापोलीची_लेक:
माहेर दापोली तालुक्यात, सासर बडोदा, त्यामुळे हा धागा वाचताना मन दोन्हीकडे होतं. ताई, किनाऱ्यावर गाडी लावू नका हे तुम्ही लिहिलंत त्यासाठी खूप खूप आभार, त्याला अजून एक कारण जोडते.

आमच्या बाजूला वेळास, आंजर्ले, केळशी या किनाऱ्यांवर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी जपायला सुरुवात केली, त्याआधी अंडी चोरीला जायची, कुत्रे-कोल्हे खायचे. मादी रात्री येते, वाळूत हातभर खोल खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते, पिल्लं दीड-दोन महिन्यांनी बाहेर येतात. पिल्लू बाहेर आलं की जिकडे उजेड तिकडे सरकतं, आणि अंधाऱ्या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त उजेड समुद्राच्या बाजूला असतो म्हणून ते पाण्यात पोचतं. तिथे कुणी कॅरॅव्हॅनचे एलईडी लावून बसलं तर मादी परत फिरते आणि पिल्लू चुकून जमिनीकडे येतं. टायरने वाळू दाबली गेली तर घरटंच संपलं. मी लहान असताना हे कुणाला माहीत नव्हतं, आता गावातली शाळकरी मुलं पाहुण्यांना टॉर्च बंद करायला सांगतात, बघून ऊर भरून येतो. फेब्रुवारी अखेरपासून एप्रिलपर्यंत जाणार असाल तर वेळासला नक्की थांबा, गाडी गावात आत लावा, गावातल्याच घरी जेवा आणि पहाटे पिल्लं सोडताना चालत जा.

आणि सुरूच्या बनातही गाडी घालू नका. ते वारा आणि वाळू अडवायला लावलेलं असतं, पिकनिकला सावली म्हणून नाही.

नर्मदाकाठ:
भरतीची वेळ कशी बघता? आमच्याकडे भरूचला नर्मदेत भरती येते पण आपल्याला काही कळत नाही, अ‍ॅपवर भरवसा ठेवायचा का?

दापोलीची_लेक:
अ‍ॅप चालतं, पण आमच्याकडची म्हातारी माणसं तिथीवरून सांगतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. म्हणजे चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, द्वादशीला नऊ. साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, पुन्हा तितक्याने भरती, आणि रोज पाऊण-एक तास पुढे सरकत जाते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी सगळ्यात वर येतं आणि ओहोटीही सगळ्यात खाली जाते. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी. लांब गाडी जेटीवर चढवायची असेल तर भांगाचे दिवस बरे, उतार फार उघडा पडत नाही. हे माझ्या वडिलांनी शिकवलंय, त्यांची होडी होती.

सुरसागरकाठी:
अगं ही पाऊणपट आम्हाला आधी कळली असती तर काय हवं होतं! आता कालनिर्णय गाडीतच टांगते.

अकोटा_ते_अलिबाग:
टॉयलेटचं कुणी नीट लिहीत नाही, ताई तुम्ही लिहा ना. बायको म्हणते तेवढं एक कळलं की मी तयार आहे.

सुरसागरकाठी:
वहिनींना सांगा, अजिबात घाण प्रकरण नाही. खालची टाकी वीस लिटरची असते, दोघांना दोन ते तीन दिवस पुरते, झडप बंद असली की वास येत नाही. ती पेटीसारखी बाहेर काढून, हँडल धरून, कुठल्याही नेहमीच्या संडासात ओतायची आणि दोन बादल्या पाणी. घरमालकाला विचारून मगच. आत टाकायचं औषध जैविकच घ्या, फॉर्मालिनवालं नको, कारण कोकणात सगळीकडे सेप्टिक टँक किंवा शोषखड्डे आहेत आणि त्या केमिकलने टाकीतले जिवाणू मरतात, म्हणजे आपण एक रात्र राहायचं आणि त्यांची टाकी बिघडवायची. आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी वेगळ्या टाकीत जमतं, ते आम्ही विचारून माडाच्या आळ्यात सोडायचो, साबण कमी वापरायचो. विहिरीजवळ कधीच नाही. पिण्याचं-वापरायचं पाणी शंभर लिटर भरतो, म्हणजे शंभर किलो वजन, घाटात गाडीला जाणवतं, म्हणून चढाच्या आधी अर्धीच टाकी.

समासावर्ता:
कागदपत्रांचं मी लिहितो, माझं कामच ते आहे. घरच्या गाडीच्या सीटा काढून बेड टाकला आणि निघालो असं चालत नाही. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलंय त्यापेक्षा वेगळा बदल करायचा तर आरटीओची परवानगी आणि आरसी बुकात नोंद लागते. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे, त्याप्रमाणे मंजूर असलेली गाडी घेतली की पुढची कटकट वाचते. नोंद नसेल आणि अपघात झाला तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते, तेव्हा रडून उपयोग नाही. भाड्याने घेणार असाल तर ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का ते बघा, आपण गुजरात, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक अशी चार राज्यं ओलांडणार. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, केरळनेही त्याच वर्षी. एमटीडीसीची, म्हणजे महाराष्ट्र पर्यटन महामंडळाची, निवासं हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली इथे आहेत, फोन करून गाडी लावायला मिळेल का ते विचारून ठेवा, अंगण नाही मिळालं तर तो एक आधार.

सुरसागरकाठी:
आमचीही रीतसर कॅरॅव्हॅन म्हणूनच नोंदलेली आहे. आणि एमटीडीसीचं बरोबर, गणपतीपुळ्याला आम्ही तसंच केलं.

गोव्याचं पण एक सांगते. तिथे २०१९ पासून पर्यटन स्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला बंदी आहे, दंड होतो. म्हणजे गाडीबाहेर टेबल टाकून शेगडी पेटवायची नाही. आम्ही गोव्यात थोडकंच थांबलो, खरं सांगायचं तर तिथल्या किनाऱ्यालगतच्या गर्दीत आमची गाडी लावायला शांत जागा सापडली नाही आणि मनही लागलं नाही. कारवारनंतर मात्र जीव हलका झाला. काळी नदीवरचा जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला, आम्ही गेलो तेव्हा सगळी वाहतूक नव्या पुलावरून चालली होती. पुढे हायवे ६६ रुंद आहे, आमच्या गाडीला आवडणारा. मरवंतेला तर एका हाताला अरबी समुद्र आणि दुसऱ्या हाताला सौपर्णिका नदी, मधून हायवे. नवरा गाडी चालवत होता आणि मी नुसती मान इकडून तिकडे करत होते.

अंड्याची_पोळी:
मासे?? एवढा किनारा आणि माशांवर एक ओळ नाही, हा अन्याय आहे.

सुरसागरकाठी:
घ्या, हे नवऱ्याने सांगितलं ते लिहिते, मी शाकाहारी. हर्णैला संध्याकाळी बंदरावर लिलाव असतो. होड्या लांब उभ्या, बैलगाड्या पाण्यात जाऊन मासळी घेऊन येतात, वाळूवर ढीग लागतात आणि बायका बोली लावतात. त्या बायका इतक्या भराभर बोलतात की याला पहिली दहा मिनिटं आकडाच कळेना. एका मावशींनी त्याच्या चेहऱ्याकडे बघूनच ओळखलं, कुठून आलास रे, बडोद्याहून, मग म्हणाल्या तू लिलावात पडू नको, मी घेते त्यातली दोन सुरमई तुला देते. साफ करून, तुकड्या पाडून, वर चार कोकमं. गाडीत तळायचं नाही हा माझा नियम, आठवडाभर पडद्यांना वास राहतो, म्हणून मुक्कामाच्या घरी त्यांच्याच बाहेरच्या चुलीवर त्याने तळली, घरातली दोन मुलं चुलीभोवती बसली होती आणि सुरमई तव्यावरून थेट त्यांच्या ताटात जात होती. त्याला स्वतःला किती मिळाली देव जाणे, पण इतका खूश मी त्याला रिटायर झाल्यापासून बघितला नव्हता.

नर्मदाकाठ:
गाडीला गंज? आमचा एक ओळखीचा किनाऱ्याकडून आला आणि वर्षात खालचा पत्रा गेला.

वाडी_इलेक्ट्रिक:
दर दोन-तीन दिवसांनी गोड्या पाण्याने खालून धुवा, चाकांच्या कमानी, सायलेन्सर, ब्रेकच्या बाजू. बॅटरीच्या टर्मिनलला व्हॅसलीन. निघायच्या आधी अंडरकोटिंग. सोलरची काच पण पुसा, मिठाचा थर बसतो. परत आल्यावर पहिल्या आठवड्यात वर्कशॉपला लिफ्टवर चढवून बघून घ्या.

अकोटा_ते_अलिबाग:
बायको तयार! पण सुट्टी पाच दिवसच. ताई, बडोद्याहून पाच दिवसांत काय करावं? वेंगुर्ल्यापर्यंत पोचू का?

सुरसागरकाठी:
नका पोचू. पाच दिवसांत वेंगुर्ला म्हणजे फक्त ड्रायव्हिंग. पहिल्या दिवशी बोर्डी किंवा डहाणू, हायवे सोडून तलासरीवरून आत. चिकूच्या वाडीत मुक्काम करा, तिथल्या चिकूला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे, झाडाखाली गाडी थंड राहते आणि बडोद्याहून निघालेल्या माणसाला पहिल्याच संध्याकाळी समुद्र मिळतो. तिथेच दोन रात्री काढा. गाडीची सवय होईल, पाणी किती लागतं, कोण कुठल्या बाजूला झोपतं, रात्री कोण उठतं, सगळं कळेल. मग जमलं तर मुंबई टाळून ठाणे-पनवेल-पेण करत रेवदंडा, मुरूडला एक रात्र. आगरदांड्याची फेरी घेऊन दिवेआगर एक रात्र, आणि पाचव्या दिवशी पहाटे निघून सरळ बडोदा. तो शेवटचा दिवस मोठा आहे, दोघांनी आलटून पालटून चालवा. वहिनींनाही चालवायला द्या, नुसतं नकाशा धरून बसवू नका, ही माझी खास विनंती.

अकोटा_ते_अलिबाग:
ती चालवते, माझ्यापेक्षा बरी चालवते. गाडी बघायला मिळेल का एकदा?

सुरसागरकाठी:
या की. रविवारी सकाळी नऊनंतर अकोटा गार्डनच्या बाहेर गाडी लावते, ज्यांना बघायची असेल त्यांनी या. वहिनींना घेऊन या आणि मोजपट्टी आणा, बेडची लांबी आपल्या उंचीला पुरते का ते झोपून बघायचं. दापोलीची लेक, तू पण ये, मला ती भरतीची पाऊणपट कृष्ण पक्षात कशी धरायची ते समजावून सांग. चहा गाडीतच करेन, नाश्त्याला सेव उसळ कुणीतरी घेऊन या.